दोन होकार

निलगिरी तेलाचा वास आला की माझी बोटं आजही आखडतात. कॉलेजच्या कबड्डी संघात मी कोपऱ्यावर खेळायचो. माझ्या पकडीत घोटा सापडला की चढाईला आलेला लंगडतच परतायचा. रत्नागिरीत अंतिम सामना होता, आणि समोरच्या कॉलेजचा चढाईपटू माझ्याच वाडीतला. सकाळी मी हातांना तेल चोळत होतो, तर त्याच्या आईनं मला ओढतच देवळात नेलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "दोन्ही पोरांना हातापायांनी धड घरी आण रे म्हाराजा!" सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" बाहेर आमचे सर मोटारसायकलवर थांबलेले. म्हणाले, "आज त्याचा घोटा सोडायचा नाही." मी म्हटलं, "होय सर." आता तो लंगडत देवळात येतो, गाऱ्हाणं होतं, आणि माझ्या तोंडून 'व्हय' फुटत नाही.