तर्रीवाल्याच्या घरात ओव्हन

"कोंबडीत गाजर? उद्या खिरीत बोंबील घालशील." ताट पुढं ढकलून आमचे मालक म्हणाले.

"घालीन. खावी तर तुमालाच लागंल," मी म्हणाले.

भांडण असं रंगात आलं होतं. पण आधी मागचं सांगते, कारण घरात ओव्हन आल्यापासून किस्से रांजणाच्या बुडाला गाळ बसावा तसे साचलेत. मालकांची अँजिओप्लास्टी झाली. परभणीच्या डॉक्टरानं तेल-तर्री बंद केली. ज्या माणसाच्या हातच्या रश्श्याशिवाय आमच्या झरी गावात लग्नाची पंगत बसत नाही, त्यालाच तर्री बंद! मग पोरानं ओव्हन आणला आणि सून शीतलनं मोबाइलवर चिकनचे गोळे शोधले. भाज्या घातलेले, भाजलेले, बिनतेलाचे.

*

पहिल्यांदा मी घरचीच कोंबडी कापली. मिक्सरनं दोन गरके घेतले आणि धूर सोडला.

शीतल म्हणाली, "मामी, व्हिडिओत बॉयलर व्हती. ही तर माझ्या लग्नाच्या आधीची दिसायलीय."

होतीच. अंडी देणं सोडलं म्हणून तर कापली.

*

मग बॉयलरचा खिमा आणला, त्यात दुधी किसून घातला. दुधी पिळून घ्यायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही. गोळे गोल आत गेले आणि सगळ्यांची मिळून एक भाकर बाहेर आली.

मालक लांबूनच म्हणाले, "डॉक्टरानं पथ्य मला सांगितलंय, कोंबडीला न्हाई."

*

भाकरी असो की वांगं, भाजताना बघावं लागतं. म्हणून मी सारखं ओव्हनचं दार उघडून गोळे उलटवायची. आतली धग बाहेर, गोळे पांढरेच. शेवटी शीतलनं खुर्ची आणून मला काचेसमोर बसवलं. "मामी, आता नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाई."

तेवढ्यात शेजारची कलावती डोकावली. आत दिवा, समोर मी.

"ताई, नवा टीव्ही घेतला का? काय लागलंय?"

"बस. अजून तरी कुणी कुणाला बोललं न्हाई."

*

वाचायला मी दुकानाच्या पाट्यांवर शिकले, तिथं ओव्हनची काय कथा? परवा जमलं. पिळलेला दुधी, गाजर, कांद्याची पात, लसूण-मिरची, बांधायला मूठभर ज्वारीचं पीठ. वरून तांबूस, आतून मऊ. मी हात धुवायला गेले आणि मागं चर्र आवाज झाला. मालकांनी ट्रेभर लालभडक तर्री ओतली होती.

"भाजणं तुमचं, तर्री माझी. निम्मं-निम्मं."

दवाखान्यात ह्यांच्या उशाशी शीतलच बसली होती. तिनं सगळे गोळे कुत्र्याला टाकले आणि मोरीपाशी तोंड धूत बसली. लय वेळ.

*

आज तिनं पुन्हा केले. आणि मालकांनी ताट ढकललं, ते वर सांगितलंच.

"मरण आलं तरी चालंल," मालक म्हणाले, "पण सगळा गाव ज्याचा रस्सा ओरपतो, त्यानं हे खायचं?"

शीतल ताट उचलायला वाकली. मी तिचा हात धरला आणि मालकांकडं वळले.

"मरा. तुमच्या माघारी गावजेवणाला हेच गोळे वाढीन, आन् पंगतीत फिरून सांगीन, ही मालकांचीच रीत हाय, जाता जाता मला शिकवून गेले."