तिघांनी दिलेली खबर

प्रकरण तसं किरकोळ, पण त्याची चुटपुट अजून जात नाही. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते आणि मी पाथरी भागात फौजदार होतो. फोन धड लागत नसत. कुठे रस्ता अडवलाय, कुठे दगडफेक झाली, हे आम्हाला आधी कळायचं ते खासगी जीपवाल्यांकडून. दोन जीपा समोरासमोर आल्या की थांबत, इंजिन चालू ठेवूनच पुढची हालहवाल विचारली जाई आणि ती बातमी पुढच्या थांब्यावर पोहोचे. रस्त्याबद्दलची त्यांची बातमी सहसा चुकत नसे. म्हणून त्यांच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा होता, आमचाही.

त्याच सुमारास विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. नाक्यावरचा चहावाला, बाजारातला बांगडीवाला आणि एक एसटी कंडक्टर अशा तिघांनी एकच खबर दिली : अमुक जीपवाला चोरीच्या मोटारी वाहतो. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. चौकशी करणं भागच होतं. भरबाजारात जीपची झडती घेतली आणि त्याला ठाण्यात आणलं.

माणूस पन्नाशीचा, घाबरलेला. म्हणाला, "साहेब, मोटार नेली व्हती, पर ती शेतकऱ्याची. जळली व्हती म्हणून वायंडिंगला नेली. मालक माझ्या शेजारीच बसला व्हता."

मालक सापडला, वायंडिंगच्या दुकानदारानेही दुजोरा दिला. मग मी तिन्ही खबऱ्यांना बोलावून एकच विचारत गेलो : तुला कुणी सांगितलं? माग काढत गेलो, तर तिन्ही वाटा दुसऱ्याच एका जीपवाल्यापाशी येऊन थांबल्या.

तो रडकुंडीला आला. "मी लबाड बोललो न्हाई साहेब. त्येच्या गाडीत मोटार दिसली, एवढंच म्हनलो. चोरीची कवा म्हनलो?"

खरंच म्हणाला नव्हता. ऐकणाऱ्याने पुढे विचारलं होतं, "चोरीची असंल का?" त्याच्या पुढच्याने त्यातलं प्रश्नचिन्ह गाळून टाकलं. जाणूनबुजून खोटं कुणीच बोललं नव्हतं, मग गुन्हा कुणावर नोंदवणार? त्यानंतर प्रत्येक ठाण्यात मी पोरांना बजावत आलो, खबर किती जणांनी दिली ते नंतर, आधी डोळ्यांनी कुणी पाहिलं ते विचारा.

पकडून आणलेल्या जीपवाल्याला सोडलं. बाकीच्या जीपवाल्यांना सांगितलं, हा निर्दोष आहे हे सगळीकडे कळवा. "सांगतो की," म्हणाले, आणि सांगितलंही असेल. पण मोटार ज्याच्या त्याच्या विहिरीवर होती, म्हणून चोराची बातमी प्रत्येकाच्या कामाची होती. तो चोर नाही, ही बातमी एकट्या त्याच्याच कामाची. प्रवासी त्याची जीप सोडून मागची धरू लागले.

बदलीनंतर पुन्हा पाथरीला जाणं झालं. साध्या कपड्यात होतो. चहा पिताना शेजारच्या म्हाताऱ्याला त्या जीपवाल्याबद्दल विचारलं.

"त्यो? जीप इकून कवाच गेला. मोटारी चोरायचा लय."

"अहो बाबा, तो निर्दोष होता. मीच तो फौजदार, मीच त्याला सोडलं."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "मंग नेलंच कशाला व्हतं, साहेब?"