गाऱ्हाणं, जरा हळू आवाजात

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. कॉलेज पाहिलं ते थेट पोळ्या लाटायला. लातूरकडून मालवणला आले आणि मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी माझ्यावर जेवणघर सोपवलं. त्या उपकाराखाली मी अजून वाकून चालते. बाईंपुढे ब्र काढत नाही.

वैभववाडीच्या एका मुलीचं अर्धं डोकं दुखायचं. ती त्याला मायग्रेन म्हणे. या आजाराची एकच पंचाईत होती, त्याला ताप नव्हता. बाई कपाळाला हात लावत, "गरम नाही" म्हणत, आणि आजार तिथेच नामंजूर होई. मग सल्ले सुरू. मोबाईल फेकून दे. तेल थाप. घरी लग्नाचं काही चाललंय का?

शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ती उलट्या करून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडली. पेपर चुकला तर वर्ष जाणार. आता मात्र बाईंना दया आली, आणि ती एकटी आली नाही. ट्यूबलाइट लागली, उदबत्त्या पेटल्या, वीसेक मुली खोलीत दाटल्या आणि वॉचमनकाका नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. इथे देवापुढे अडचण एक जण मांडतो, बाकीचे होकार ओरडतात.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या टकलेत जा काय शिरला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

ती भिंतीला चिकटली.

"ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उशीखालूनही बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." बिचारीला लवकर आटपायला हवं होतं.

बाई समोर होत्या, तरी माझ्या तोंडातून गेलंच, "काका, देवाला हळू बोललेलं ऐकू येतं का हो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपली नोकरी गेली असं मी धरून चालले.

काका दुखावले. "येता मगे! तो काय भैरो आसा?"

"आणि अंधारात दिसतं?"

"गो बाये, तुजो देव खंयचो?"

बाईंनी ट्यूब बंद केली. उरलेलं गाऱ्हाणं, वीस जणी घरफोडीला निघाल्यासारखं, कुजबुजत पार पडलं. नारळ गेटबाहेर फोडला. उदबत्त्या मी उचलून नेल्या. ती झोपली.

सकाळी चार घास पेज खाऊन, जड डोक्याने का होईना, ती पेपरला गेली. दुपारी परत आली.

"सगळा लिहिला, मावशी. आता फक्त अभिनंदनाला कोणाला येऊ देऊ नका."

ती आत निजली. मी दाराशी तांदूळ निवडत बसले. पहिल्या आल्या त्या बाईच, हातात पेढे, मागे मुलींचा घोळका. मी अदबीने उठून उभी राहिले, पण दारातून हलले नाही.