बाच्या गप्प राहण्याला इंग्रजी शब्द

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या खाडीकाठच्या गावातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीही गेलो तो अलीकडेच. एवढ्या शिदोरीवर आठवणी लिहिणं शोभत नाही. तरी गावी राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखी ट्रंक उचलून निघालेल्यांना, एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती माझ्या वडिलांची, म्हणजे बाची आहे.

मी निघालो त्या दिवशी अमावास्या होती. आमच्याकडे अमावास्येला भर दुपारी उधाणाची भरती येते, आणि पावसाळ्यात ती भातखाचरांबाहेरच्या मातीच्या बांधाला धडका देते. म्हणून गडी बांधावर लांब लांब उभे राहतात. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली की तिकडचा बांध शाबूत आहे असं समजायचं. बा एका टोकाला असायचा. मी दुसऱ्या टोकाला, जिथे पाणी सोडायची उघाडी आहे तिथे. माझ्याआधी त्या जागी माझा थोरला भाऊ दामा उभा राहायचा. एका श्रावणात बाने हाक दिली आणि ओ आली नाही. उघाडीजवळ बांधाला खांड पडून, म्हणजे बांध फुटून, पाणी आत घुसलं होतं. दामा त्या पाण्यात पडला आणि ओहोटीबरोबर खाडीत ओढला गेला. बा भरतीमागून भरती बुड्या मारत राहिला. दामा सापडला नाही.

तेव्हापासून बा गप्प झाला. मी मागून काही विचारलं तर वळूनसुद्धा बघायचा नाही. आई मात्र त्याच्या दंडाला हात लावून मग बोलायची, आणि तिला तो उत्तर द्यायचा. मला वाटायचं, त्याचा राग माझ्यावरच आहे. दामा गेला आणि मी उरलो, याचा असेल. दामाच्या जागी मला उभं केलं तेव्हा एवढंच म्हणाला होता, "ओ देताना हात वर कर. नुसत्या तोंडानं नको. वाऱ्यात आवाज फुटतो."

निघताना आई दारातच थांबली. म्हणाली, "जा. बापूस बांधावर हाय, त्याची वाट बघू नको." डोक्यावरची ट्रंक दोन्ही हातांनी धरून मी पनवेलच्या वाटेला लागलो. चिखलात पाय घसरत होते. उघाडीवर माझ्या जागी शेजारचा गडी होता. पण बाने त्याच्याकडे पाठ केली आणि वाटेकडे तोंड करून हाक दिली. मी मोठ्याने ओ दिली. त्याने पुन्हा हाक दिली. मी पुन्हा ओ दिली. वाट आंबराईमागे वळली तरी त्याची हाक येतच होती. एवढं ओरडून उत्तर दिलं तरी याचं समाधान का होत नाही, ते मला कळेना. एस.टी.त बसल्यावरही ती हाक कानातून गेली नाही.

मुंबईत हॉस्टेल मिळालं, मेसची पोळी मिळाली, लायब्ररीचं कार्ड मिळालं. ट्रामच्या घंटेची सवय झाली. पण अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या इंग्रजीच्या तासाला मला अजून ती हाक ऐकू येते. पंखा फिरत असतो, प्रोफेसर शिकवत असतात, आणि मी बाकाखाली हात आवळून मनात ओ देतो. घर म्हटलं की आता मला आमची कौलं किंवा अंगण आठवत नाही. ओ देऊनही न थांबणारी एक हाक आठवते.

पहिल्या टर्ममध्ये प्रोफेसरांनी वडिलांवर निबंध लिहायला सांगितला. मी लिहिलं, माझे वडील सायलेंट आहेत. त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि वर्गात विचारलं, "अहो, हे फार ढोबळ झालं. गप्प तर भिंतही असते. तुमचे वडील नक्की कसे गप्प आहेत?"

 शेजारी बसणारा गिरगावातला मुलगा कुजबुजला, "सायलेंट वडील मिळाले आणि तक्रार करतोस? आमचे घेऊन जा. दोन दिवसांत परत आणून देशील!" बाक हसलं. मीही हसलो.

मग मी डिक्शनरी घेऊन बसलो. एका गप्प राहण्याला इंग्रजीत किती शब्द! रिझर्व्ड म्हणजे स्वतःला राखून असणारा. पण बा पूर्वी बांधावर गाणी म्हणायचा. टॅसिटर्न म्हणजे मुळातच कमी बोलणारा. तोही नव्हे. काम (calm) म्हणजे मनातूनच शांत. ते तर नाहीच. म्यूट म्हणजे वाचा नसलेला. त्याच्या हाकेने तर खाडीवरचे बगळे उडतात. शेवटी सलन सापडला. मनात राग धरून गप्प बसलेला. मला तोच खरा वाटला, म्हणून निबंधात तोच लिहिला. प्रोफेसरांनी समासात लिहिलं, आता नेमकं झालं.

दिवाळीच्या सुटीत एका वखारीत काम मिळालं म्हणून गावी गेलो नाही. खरं तर तो शब्द घेऊन बासमोर जायची भीती वाटत होती. सुटी संपल्यावर पांडूमामा मिठाचा मचवा घेऊन मुंबईला आला. आईचा हा भाऊ त्या होडीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, आहे. मी बंदरावर जाऊन त्याला गाठलं. त्याने आईने दिलेले पापड हातात ठेवले आणि म्हणाला, "साहेब झालास रं! चष्मा कवा लावनार?"

मी विचारलं, "मामा, बाचा माझ्यावर राग हाय का?"

"राग? तुज्यावर?" तो हसला. मग हसणं सोडून मचव्याच्या कडेवर बसला.

"आता तुला सांगायलाच पायजे. त्याला ऐकू येत नाय रं. दामाला शोधताना इतक्या बुड्या मारल्या, कानांतून रगत आलं. येक कान तवाच गेला. दुसरा हलू हलू गेला. तू बांधावर उभा रावलास, तवा त्याला काय बी ऐकू येत नव्हतं."

"मग माझी ओ?"

"तुजा हात बघायचा तो. तुला कळू द्यायचं नाय, अशी आयसला शपथ घातलीय. बोलला, पोराला कळलं तर शिकायला जायचा नाय."

 मामा पुढे म्हणाला, "तू निघालास तवा त्यानं लय हाका दिल्या. तुजा हात काय वर झाला नाय. पोरगा रागानं गेला का, म्हनून अजून झुरतो. मला बोलला, ओ दिली व्हती का नाय, तेवडं इचारून ये."

ओ मी प्रत्येक हाकेला दिली होती. पण त्या दिवशी माझे दोन्ही हात ट्रंकेला होते.