भगवतीच्या चढावर विसूभाऊ

विसूभाऊ मोटारीत बसण्याआधी चपला काढून बाहेर ठेवत. कुणी हसलं की म्हणत, "हसा मेल्यांनो! ती काय म्हणत्ये ते आधी तळपायाला कळतं, मग कानाला." ती म्हणजे बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली त्यांची जुनी गाडी. आंब्याची कलमं राखणारा हा चाळिशीचा माणूस आपल्याशी बोलतो त्याहून जास्त तिच्याशी बोलतो, असं त्यांची बायकोच सांगे. मला मोटार शिकवली ती त्यांनीच. "वळणात शिरल्यावर घाबरू नये. काय घाबरायचं ते आधीच घाबरून घ्यावं."

एकोणीसशे तिसाच्या सुमारास मुंबईकडे हौशी मोटारवाल्यांच्या शर्यतींची मालिका ठरली. रत्नागिरीतून एकालाच जागा होती. भगवतीच्या किल्ल्याचा चढ जो सर्वांत कमी वेळात चढेल, तो जाणार. विसूभाऊंची झोप उडाली. "अरे, आमची बाय मुंबईच्या गाड्यांना धूळ चारील! लाल धूळ, आपल्याकडची!"

चाचणीच्या सकाळी ते मला म्हणाले, "टाकी तू भर रे, मी ब्रेक बघतो." त्या जागेसाठी मीही उतरलो होतो, काकांची नव्या बनावटीची गाडी घेऊन. विसूभाऊंच्या गाडीची टाकी आसनाखाली, आणि पेट्रोल उतारानं वाहत इंजिनाकडे जाई. टाकी अर्धीच असली तर उभ्या चढावर ते पोचतच नसे. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी दोन डब्यांऐवजी एकच ओतला.

आधी मी चढलो आणि वर उभा राहिलो. मग विसूभाऊ सुटले. काय सुटले! अर्धा चढ माझ्याहून लवकर कापला. बंदरावरची माणसं, कोळणी, कचेरीतले कारकून, सगळे ओरडत होते. शेवटच्या उभ्या वळणाशी गाडी खोकली आणि बंद पडली. विसूभाऊंनी ती मागे सपाटीपर्यंत घरंगळू दिली, हँडल मारून सुरू केली, तिचं तोंड फिरवलं आणि पाठ वर करून उलटी चढवायला घेतली! आता टाकी इंजिनापेक्षा उंच झाली. मान मागे वळवलेली, टोपी उडालेली. "चल गो बाये, चल!" लोक शिट्ट्या मारत मागून धावले. भान विसरून मीही ओरडलो. असलं चढणं पुन्हा पाहिलं नाही.

वर परीक्षक हसून हसून वाकले होते. पण घड्याळ माझ्या बाजूनं होतं. जागा मला मिळाली.

मी मुंबईला निघालो त्या दिवशी विसूभाऊ खाचा पाडलेली एक काठी घेऊन आले. टाकीत बुडवून पेट्रोल मोजायची काठी. "ही ने. शर्यतीआधी टाकी आपल्या हातानं मोजावी. मी त्या दिवशी मोजली नाही."

"विसूभाऊ, मी..."

"निघ आता. कोल्हापुरावरून जायचंय, आंबा घाट उन्हाच्या आत चढ."

पुढे गावानं गोष्ट अशी रचली की विसूला उलटं चढून मिजास दाखवायची होती, त्यात जागा गेली. ते वारल्यावर दिवसांना जमलेल्या मंडळींतही हीच गोष्ट निघाली. सगळे मायेनं हसले. मीही हसलो. ती जागा मी एका डब्यानं चोरली होती, आणि समोर बसलेल्या त्यांच्या बायकोला तेवढं सांगायला माझी जीभ उचलली नाही.