पावणेदोन तास की दोन पाहुणे?

कोल्हारच्या शाळेत फरीदा शेख गणित शिकवतात. त्यांच्या वर्गात उत्तर चुकलं तरी फुली लगेच पडत नाही. "कसं आलं, सांग," म्हणून त्या लेकराला आधी फळ्यापाशी उभं करतात. पोरगं अडखळत सांगत जातं आणि मधेच स्वतःच थबकतं, "हां मॅडम, इथं घसरलो!" मग निम्मे मार्क मिळतात, वर टोमणा फुकट. "घसरलास खरा, पण रस्ता बरोबर धरला हुतास." उजव्या बाहीवर खडूचा पांढरा पट्टा कायमचा बसलाय, इतकी वर्षं त्या हेच करत आल्यात.

यंदा चाचणी तपासायला कॉम्प्युटर आला. पोरांनी उत्तर रीतीसकट, आपल्या शब्दांत टाईप करायचं, मशीन ते वाचून, समजून मार्क देणार. हेडसरांना आनंद मावेना. "मॅडम, तुमचा ताप गेला! मशीनला ना चष्मा लागतो, ना चहा."

आठवीतल्या मोनिकाला प्रश्न आला होता: एक मोटार टाकी साडेतीन तासांत भरते, तशाच दोन मोटारी लावल्या तर किती वेळ लागेल? पोरीनं झकास लिहिलं: "दोन मोटारी म्हणजे निम्मा वेळ. साडेतीनाचं निम्मं पावणेदोन. म्हणून पावणेदोन तास."

मशीननं लिहिलं: "उत्तरात दोन पाहुण्यांचा उल्लेख आहे. प्रश्नात पाहुणे नाहीत. गुण शून्य."

वर्ग खो खो हसला. मोनिका हसली नाही. नगरच्या गणित शिबिराला जायला तिला दोन मार्क कमी पडत होते आणि हा प्रश्न तीन मार्कांचा होता. पोरीनं बॅग धुऊन वाळतसुद्धा घातली होती.

फरीदाबाईंचं डोकं सणकलं. हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडची मुलगी मधात बुडवल्यासारखी बोलत होती. "मॅऽडम, आपण पुनर्तपासणी मागू शकता हंऽ."

"कोण करणार तपासणी?"

"सिस्टीमच करते ना, मॅऽडम."

"म्हणजे ज्यानं मारलं, त्याच्याकडंच फिर्याद?"

"अजून काही मदत करू शकते का, मॅऽडम?"

तरी मागितली. उत्तर आलं: "पुनर्तपासणी पूर्ण. पाहुण्यांची संख्या दोनच आढळली. गुण शून्य."

घरी नवऱ्यानं, नूरुद्दीनभाईंनी, आणखी तेल ओतलं. "दोन पावणे येनार हायेत म्हनं? चहा टाकू का?" बाईंनी नुसतं बघितलं. भाई गपचूप मोटारीचं वाइंडिंग करायला दुकानात गेले.

शेवटी राहात्याला तालुक्याच्या गणित शिक्षकांची बैठक लागली. शिबिराची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. मशीन दाखवायला आलेले साहेब पडद्यापुढं फिरत फिरत सांगत होते, "हे मुलाच्या मनातलं ओळखतं, मनातलं!" बोलता बोलता त्यांनी घड्याळ बघितलं. "अरे, पावणेदोन झाले. जेवून घेऊ या."

फरीदाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, कोण दोन पाहुणे आलेत? त्यांनाही जेवायला बोलवा."

साहेबांना कळेना. बाईंनी मोनिकाचं उत्तर पडद्यावर उघडायला लावलं. साहेबांनी ते वाचलं, मान खाजवली. "हं. मुलांनी आकड्यात लिहायला हवं."

"आपल्या शब्दांत लिहा, असं प्रश्नातच छापलंय. हे पोरीचेच शब्द हायेत. आत्ता तुमच्या तोंडून निघाला तोच शब्द!"

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. साहेब घाईनं म्हणाले, "गुण मी वाढवतो हो. फक्त कारण निवडावं लागतं." पडद्यावर तीन कारणं उघडली: विद्यार्थी गैरहजर. वीज गेली. विद्यार्थ्याची टायपिंगची चूक.

"मशीनची चूक, हे कुठंय?"

"तसा पर्याय नाही, मॅडम. तिसरं दाबतो. काय फरक पडतो?"

"फरक पडतो! खोटं बोललं मशीन, आणि सही आमच्या पोरीच्या नावावर?" बाईंचा आवाज चिरकला. नको म्हणावं, तर शिबिर जातंय. हो म्हणावं, तर पोरीवर बट्टा. पेपर आपला नाही, पोरीचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मोनिकाच्या घरी फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

पोरीनं आधी एकच विचारलं, "मॅडम, मी चुकले न्हाई ना?"

"न्हाई गं बाई. अजिबात न्हाई."

"मग दाबू द्या त्यांना. मला जायचंय."

फरीदाबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "दाबा साहेब. पण काय दाबताय ते वाचा."

साहेब पुटपुटले, "विद्यार्थ्याची टायपिंगची—"

"मोठ्यानं. मागं ऐकू जात नाही."