सहा डिग्रीचं दूधपाणी

मला मोजायची खोड आहे. देवळाच्या पायऱ्या, एसटीच्या खिडक्या, बायको एका दमात किती वाक्यं बोलते, काहीही. ही खोड पोटाला लागेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं, पण आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत टेस्टरची जागा निघाली आणि मी तिथे चिकटलो. गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या बाजारापासून पायी तासाभरावर.

काम सोपं. सकाळी लोक दूध घेऊन येत, मी त्यात लॅक्टोमीटर सोडत असे. काचेची नळी, खाली जड फुगा, वर रेघा. साध्या पाण्यात ती शून्याच्या रेघेपर्यंत बुडते, दुधात तरंगते. दूध जितकं दाट, तितकी वर. गावात तिला 'काटा' म्हणत आणि रेघांना 'डिग्री'. अठ्ठावीस डिग्री लागली की माणूस मान वर करून जायचा, बावीस लागली की म्हशीला शिव्या घालायचा. काट्यापुढे कुणाचं काही चालत नसे, आणि काटा माझ्या हातात होता. त्यामुळे माझी मानही जरा ताठच असायची.

कॅन धुवायला एक मावशी होत्या. धनगराच्या घरातल्या, नवरा वारलेला, मेंढरं दिराकडे गेलेली. संस्थेच्या मागेच त्यांचं दोन खणांचं घर होतं. एकुलती एक मुलगी जावयाबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायची. लग्नानंतर पहिल्यांदा कारखान्याकडे गेली, तेव्हा परत येताना तिने तिकडून एक लिंबाचं रोप आणलं होतं. ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, माणसं, आणि त्या सगळ्यात तेलाच्या डब्यात लावलेलं हे रोप ती मांडीवर धरून बसली होती. सासरी दारात जागा नव्हती म्हणून आईच्या अंगणात लावलं. कागदी लिंबू. चार वर्षांत ते माझ्या खांद्याला आलं आणि त्या वर्षी त्याला पहिल्यांदा फुलं लागली.

नेमका त्याच वर्षी पाऊस गेला. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा मुलगी आईला म्हणाली, "आई, बाकी काई वाळू दे. माझं लिंबू तेवढं जगव." मी तिथेच होतो. मावशींनी तिथल्या तिथे लिंबाला तांब्याभर पाणी घातलं.

माघ लागेपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. टँकर दोन दिवसांआड यायचा. लोकांनी जनावरं पाहुण्यांकडे, चारा छावणीत पाठवली आणि संस्थेत तीस कॅनच्या जागी सात-आठ कॅन दूध येऊ लागलं. चांगल्या दिवसांत मावशी कॅन आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासायच्या आणि मग चार बादल्या पाणी ओतून खळखळून काढायच्या. आता एका हौदात सोडा कालवायचा, सगळे कॅन त्यातच बुचकळायचे आणि वरून तांब्याभर चांगलं पाणी फिरवायचं, असं सुरू झालं. हौदातलं पाणी धुऊन धुऊन पांढुरकं व्हायचं. मग ते गटारात.

एक दिवस मावशी हौदाकाठी थांबल्या. "भाऊ, हे पानी सांडायचं कावून? लिंबाला घातलं तर चालंल का?"

सरळ प्रश्न होता. त्याला सरळ उत्तर द्यायचं, नाहीतर माहीत नाही म्हणायचं. पण माझ्या हातात काटा होता. मी ते पाणी एका उंच भांड्यात भरलं आणि त्यात काटा सोडला. सहा डिग्री! मी पुन्हा मोजलं. सहाच.

"मावशी, साध्या पाण्याला शून्य लागतं. याला सहा लागलं," मी म्हणालो. "म्हणजे यात दूध आहे. झाडाला खुराकच की."

ही बातमी गावभर व्हायला दुपारही व्हावी लागली नाही. दुष्काळात फुकटचं पाणी, तेही दुधाचं. कुणीतरी त्याला 'दूधपाणी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. रोज नऊ वाजता बायका घागरी घेऊन हौदापाशी यायच्या. तुळशीला, शेवंतीला, कढीपत्त्याला, दारातल्या जास्वंदीला दूधपाणी. चेअरमननी तर सभेत सांगितलं की आपली संस्था माणसांचंच नाही, झाडांचंही बघते. मी मागच्या रांगेत बसून सुखावलो. आमच्याही दारात कुंडीत एक शेवंती होती, तिलाही मी मोठ्या मनानं रोज एक तांब्या घालत होतो.

तीन आठवड्यांनी शेवंतीच्या पानांच्या कडा करपल्या. आधी टोकं, मग कडा, मधलं पान हिरवंच. बायको म्हणाली, "पाणी कमी पडतंय." मी दीड तांब्या केला. तुळशींची तीच गत झाली आणि गावातल्या सगळ्या बायकांनी तोच इलाज केला. मावशींचं लिंबू पिवळं पडलं, फुलं गळाली. त्या दिवसातून दोन घागरी घालू लागल्या, बुंध्यालाच. मला बोलावून दाखवलं, "बगा भाऊ, पानी तसंच उभं हाय. पेतच न्हाई. पोट भरलं आसंल का त्याचं?"

आळ्यात खरोखर पाणी उभं होतं. सकाळी घातलेलं दुपारी तसंच. एरवी आमच्या काळ्या मातीत तांब्याभर पाणी मी वीस मोजेपर्यंत गायब व्हायचं. हे मला खटकलं, आणि खरं सांगायचं तर लिंबापेक्षा त्या पाण्याचंच जास्त कुतूहल वाटलं. मी सायकलच्या चाकाची तार घेतली आणि आळ्यात खुपसली. दोन बोटं खाली जाऊन अडली. खुरप्यानं उकरलं तर वर चिखल, आणि त्याखाली कोरडी ठणठणीत माती. झाड पाण्यात उभं होतं आणि तहानलेलं होतं. असं कसं होतं, याचा मी दोन दिवस विचार केला. जेवताना बायको म्हणाली, "भाकरी मोजताय का खाताय?"

उत्तर सापडलं ते निव्वळ रिकामपणात. एका सकाळी दूध यायला उशीर झाला. मावशींनी हौदात नुकताच सोडा कालवला होता. एकही कॅन त्यात पडला नव्हता, दुधाचा थेंब नव्हता. मला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. मी ते पाणी भांड्यात भरलं आणि काटा सोडला.

सहा डिग्री.

मी हौदाच्या कठड्यावर बसलो. दुधात पाणी घालणारे लोक वर चिमूटभर मीठ टाकतात, म्हणजे काटा पुन्हा वर येतो, ही चोरी पकडणं हे माझंच काम. मीठ पकडणाऱ्या माणसाला सोडा कळू नये! काट्याला दूध कळत नाही, त्याला फक्त पाण्यात काहीतरी विरघळलेलं आहे एवढंच कळतं. ते काय आहे, हे माणसानं विचारायचं असतं. गटाराच्या कडेला गवताची काडी कधी उगवत नव्हती, हेही मला तेव्हाच आठवलं.

त्याच वेळी दूध घेऊन माझ्याच वयाचा एक बागायतदार आला. माझा जुना दोस्त. नदीकाठच्या त्याच्या दोन एकरांत उसाला पाणी देऊन देऊन जमीन बिघडली होती. त्याला मी मावशींच्या अंगणात नेलं. त्यानं मूठभर माती उचलली, थुंकी लावून दोन बोटांत घोळवली.

"हे चोपन हाय बे," तो म्हणाला. "माझं रान बिघडायला धा वर्सं लागली. तू म्हैन्यात केलंस."

चोपण म्हणजे सोड्यानं मिटलेली जमीन. ओली झाली की बुळबुळीत, वाळली की फरशी, आणि पाणी आत घेत नाही. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, पण तो अंगणात, एका झाडापुरता असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उपाय त्यानंच सांगितला: कवच फोड, जिप्सम मिसळ म्हणजे माती सोड्याला सोडेल, आणि मग चांगलं पाणी घाल. थोडं थोडं रोज नाही. एकदम, भरपूर, म्हणजे सोडा मुळांच्या खाली वाहून जाईल. रोजच्या घोटभर पाण्यानं तो तिथेच साचत राहतो.

"चांगलं पानी कुठून आनू?" मी विचारलं.

"ते तुजं तू बग. दूधपानी तुजं हाय."

अंबाजोगाईला जाऊन जिप्समची पिशवी आणली. आधी माझ्या कुंडीवर करून पाहिलं, कारण आता मला माझ्यावर भरवसा उरला नव्हता. माती उकरली, जिप्सम कालवलं, टँकरचं पाणी हळूहळू ओतलं आणि कुंडीच्या भोकातून पाझरलेलं पाणी पेल्यात धरलं. ते काळ्या चहासारखं होतं. काटा लावला, नऊ डिग्री. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी दोन, आणि रंगही निवळला. शेवंती त्याआधीच गेली होती, पण माती सुटली होती. मेलेल्या झाडाच्या कुंडीपुढे मी आनंदानं हसत बसलो होतो, तेव्हा बायकोला माझी काळजी वाटू लागली.

मग मी मावशींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. दूध नव्हतं, सोडा होता, चूक माझी. त्यांनी लिंबाची एक फांदी वाकवून बघितली. पानं जवळजवळ सगळी झडली होती.

"पोरगी चैत सरता यील," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हौदापाशी घागरी घेऊन आलेल्या बायकांनाही सांगितलं. कुणी फार चिडलं नाही. दुष्काळात झाड मेल्याचं कुणाला नवल नसतं. मला मात्र नाव पडलं, 'सहा डिग्री'. अजूनही हाक मारतात.

लिंबाला तीन वेळा धुवायचं तर प्रत्येक वेळी आठ घागरी लागणार होत्या. टँकरच्या आमच्या वाट्याला तेवढंच यायचं, पिण्याचं धरून. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "झाडाला अंघोळ, आणि माणसांनी वास मारत हिंडायचं?" मग थोड्या वेळानं स्वतःच घागरी मोजायला लागली. पिण्याच्या दोन बाजूला काढल्या आणि उरलेल्या माझ्यापुढे सरकवल्या. त्या दोन आठवड्यांत आम्ही फडकं ओलं करून अंग पुसलं. कमी पडलेलं पाणी दोस्तानं बैलगाडीवर पिंपातून आणलं, त्याच्या कडुलिंबाखालच्या विहिरीचं, जे गावात सगळ्यांत गोडं होतं. ते आणताना त्यानं मला वाटेल ते बोलून घेतलं.

आळं मी बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली गोल काढलं, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. पहिल्या दिवशी पाणी मुरायला अख्खी सकाळ लागली. दुसऱ्या खेपेला तासभर. तिसऱ्या खेपेला मी मोजायला बसलो आणि साठपर्यंत पोचायच्या आत आळं रिकामं झालं. मावशी शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. "पेलं," त्या म्हणाल्या. वर भुसकट पसरलं आणि नंतर आठवड्यातून एकदाच, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दोन घागरी घालायच्या असं ठरलं. मधल्या दिवसांत मावशींना राहवत नसे, मी त्यांच्यावर लक्ष ठेवून असे.

चैत्र अर्धा गेला तरी काही नाही. शेंडा वाळून काडी झाला, तो छाटला. मग एका सकाळी बुंध्यापासून वीतभर उंचीवर, सालीतून मुंगीएवढी हिरवी टोकं दिसली. मी मोजली. पाच. मावशींनी मला झाडाला हात लावू दिला नाही.

टोळी परत आली त्या दिवशी मी मुद्दाम तिकडे गेलो. भीतीही होती आणि काय होतं ते बघायचंही होतं. मुलगी ट्रकमधून उतरली ती बोचकं न सोडताच अंगणात आली. खांद्याएवढं झाड ठेवून गेली होती, आता गुडघ्याएवढा खुंट होता आणि त्याला बोटबोट फुटवे.

"आई, काय झालं याला?"

"दुष्काळ हाय ना बाई," मावशी म्हणाल्या.

त्या मला वाचवत होत्या. मला ते सहन होईना. मी काट्यापासून सगळं सांगून टाकलं. मुलगी ऐकत होती, माझ्याकडे बघत नव्हती. माझं झाल्यावर तिनं आईचा हात धरला आणि उलटा केला. बोटांची कातडी भेगाळलेली होती, दोन नखं मुळापर्यंत गेलेली.

"या पान्यानं तुजी नखं गेली, आई. भाकर थापताना रगत येतंय. हे पानी चावतंय, हे तुला कळलं न्हाई व्हय?"

"कळत व्हतं की," मावशी म्हणाल्या. "म्हून तर भाऊला इचारलं. भाऊनं काटा दावला. मी म्हनलं, माझ्या हातापरीस त्याला जास्त कळत आसंल."

चार वर्षं रोज सकाळी मी त्या हातांतून धुतलेले कॅन घेत होतो.